सही त्याची, मुक्काम तिचा

(कासारवाडी येथे तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे परदेशी जोडीदार. म्हणजे आपल्यापैकी कुणी दुसऱ्या देशातल्या मुलीशी किंवा मुलाशी लग्न केलं, तर त्या माणसाला इथं कायमचं राहता येतं का? आपली मुलगी परदेशात नांदायला गेली, तर तिचा तिथला मुक्काम कशावर टिकतो?

कुणी म्हणेल, कासारवाडीत या विषयाचं काय काम? नाशिक फाट्यावर उभं राहून बघा. तिथून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर जर्मन, कोरियन, जपानी कंपन्या आहेत. आपली पोरं तिथं काम करतात आणि काही जणांना कंपनी बाहेर पाठवते. पुण्याच्या कॉलेजांमध्ये येमेन, सुदान, इराण, अफगाणिस्तानातले विद्यार्थी वर्षानुवर्षं येत आहेत. आखातात तर आपल्यातल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी आहेच. माणसं भेटतात, मनं जुळतात, निकाह होतो. त्यात गैर काहीच नाही. अडचण निकाहानंतर सुरू होते.

मी पिंपरीच्या कोर्टात वकिली करते. असं जोडपं माझ्याकडे आलं की नवरा बहुतेक एकाच वाक्यात प्रश्न विचारतो. "मॅडम, निकाह झालाय, आता तिला पर्मनंट करायचंय." शब्द बघा, पर्मनंट! आपल्या पट्ट्यातला शब्द. कंत्राटी कामगाराला कंपनीत पर्मनंट करतात तसा. ही तुलना मला फार खरी वाटते, आणि आजचं सगळं बोलणं मी तिच्यावरच उभं करणार आहे. परदेशी जोडीदार पर्मनंट होईपर्यंत कंत्राटी असतो. त्याचा ठेकेदार कोण? त्याचा नवरा किंवा त्याची बायको.

आधी भारताचा कायदा बघू.

अमेरिकेत ग्रीन कार्ड असतं. भारतात जोडीदारासाठी तसं कार्ड नाही. इथं तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी व्हिसा. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला एंट्री व्हिसा मिळतो, त्याला एक्स व्हिसा म्हणतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. २०१८ पासून ही कामं ऑनलाइन, ई-एफआरआरओवर होतात. मुदत संपायच्या आत ती वाढवून घ्यायची.

दुसरी पायरी ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक असं नाव असलेलं कार्ड. नावात नागरिक हा शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आयुष्यभर राहता येतं, ये-जा करता येते. लग्न नोंदलेलं असेल आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर परदेशी जोडीदाराला हे कार्ड मागता येतं. मात्र जो कधी पाकिस्तानचा किंवा बांगलादेशाचा नागरिक होता, किंवा ज्याचे आईवडील, आजी-आजोबा तिथले नागरिक होते, त्याला हा रस्ता बंद आहे.

तिसरी पायरी नागरिकत्व. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ५, पोटकलम १, खंड क. भारतीय नागरिकाशी लग्न झालेली आणि सात वर्षं भारतात राहिलेली व्यक्ती नोंदणीने नागरिकत्व मागू शकते. सात वर्षांचा हिशोब असा की अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथं राहिलेलं हवं आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. या खंडात धर्म विचारलेला नाही. अर्जदार मुसलमान असो, ख्रिस्ती असो, कुणीही असो, अट तीच. हे मुद्दाम सांगते, कारण २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनंतर आपल्यातल्या अनेकांची समजूत झाली आहे की मुसलमान जोडीदाराला आता दारच नाही. तसं नाही. दार आहे, अरुंद आहे.

ते अरुंद कसं झालं, याचा इतिहास तुम्ही ऐकावा असा आहे. १९५५ साली हा खंड फक्त स्त्रियांसाठी होता. भारतीय पुरुषाची परदेशी बायको अर्ज करू शकत होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला तो हक्क नव्हता. म्हणजे आपल्या मुलीने परदेशी मुलाशी लग्न केलं, तर कायदा तिला म्हणायचा, तू जा त्याच्या देशात. १९८६ च्या दुरुस्तीने स्त्री आणि पुरुष दोघांना सारखा हक्क दिला, पण सोबत पाच वर्षं राहण्याची अट घातली. २००३ च्या दुरुस्तीने, जी डिसेंबर २००४ पासून लागू झाली, पाचाची सात वर्षं केली.

त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला. त्याची चर्चा फारशी होत नाही. जुन्या खंडात शब्द होते, ज्यांचं भारतीय नागरिकाशी लग्न झालेलं आहे 'किंवा झालेलं होतं'. नव्यात राहिलं फक्त 'झालेलं आहे'. 'होतं' गेलं. या एका शब्दाचा अर्थ काय? सहा वर्षं इथं संसार केला, सहाव्या वर्षी नवरा अपघातात गेला किंवा तलाक झाला, तर त्या बाईला या खंडाचा आधार घेणं अवघड झालं. तिची सहा वर्षं कुणाच्या हिशोबात धरायची? कंपनीत एखाद्या कंत्राटी कामगाराला पर्मनंट व्हायच्या दोन महिने आधी कामावरून कमी करतात. ते आपल्याला अन्याय वाटतं, आपण गेटवर घोषणा देतो. इथंही तेच घडतं, फक्त गेट नसतं आणि घोषणा देणारंही कुणी नसतं.

ओसीआयचंही तसंच. त्याच कायद्याच्या कलम ७ड प्रमाणे लग्न मोडलं तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड सरकार रद्द करू शकतं. कोर्टातून मोडलं किंवा अन्य रीतीने मोडलं, दोन्ही त्यात येतं. आणि ते लग्न टिकून असताना कार्डधारकाने दुसरं लग्न केलं, तरी ते रद्द होऊ शकतं.

आता नोंदणीकडे येऊ, कारण पहिल्या दोन पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत.

आपल्याकडे समजूत अशी की काझी साहेबांनी निकाह पढवला, दोन साक्षीदार झाले, मेहर ठरला, झालं लग्न. शरीयतप्रमाणे झालंच. पण व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला निकाहनामा पुरत नाही, त्याला विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवं असतं. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह मंडळे आणि विवाह नोंदणी कायदा आहे. तो सगळ्या धर्मांच्या लग्नांना लागू आहे. लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची असते. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार लागतात. आपल्या शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात हे काम होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या खटल्यात सांगितलं की कुठल्याही धर्माचं लग्न असो, नोंदणी सक्तीची करा. म्हणजे हे कुणी मुसलमानांच्या मागे लावलेलं झंझट नाही.

नोंद न झाल्याने काय होतं, हे ठाण्याच्या एका प्रकरणात दिसलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर आदेश दिला. एका मुस्लिम पुरुषाने अल्जीरियातल्या स्त्रीशी निकाह केला होता. त्याचं हे तिसरं लग्न. दोघे ठाणे महापालिकेत नोंदणीसाठी गेले. कार्यालय म्हणालं, १९९८ च्या कायद्यात एकाच लग्नाची कल्पना आहे, तिसऱ्याची नोंद होणार नाही. न्यायमूर्ती बी. पी. कोलाबावाला आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांच्या खंडपीठाने ही भूमिका पूर्णपणे चुकीची ठरवली. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात पुरुषाला एका वेळी चार विवाहांची मुभा आहे आणि नोंदणीचा कायदा ती मुभा काढून घेत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच कार्यालयाने याच माणसाचं मोरोक्कोच्या स्त्रीशी झालेलं दुसरं लग्न आधी नोंदलं होतं, हेही न्यायालयाने दाखवलं. मग कागदपत्रं पूर्ण करा, सुनावणी घ्या आणि कारणं देऊन निर्णय करा, असा आदेश झाला.

टीव्हीवर 'चार बायका' या दोन शब्दांवर दोन दिवस भांडण झालं. आदेशातला एक बारीक मुद्दा कुणी उचलला नाही. त्या अल्जीरियन बाईच्या पासपोर्टची मुदत मे महिन्यात संपली होती. निर्णय होईपर्यंत तिच्यावर सक्तीची कारवाई करू नका, असं न्यायालयाला सांगावं लागलं. विचार करा, परका देश, परकी भाषा, पासपोर्ट संपलेला आणि लग्नाचा कागद नाही. त्या घरात तिचा आवाज किती असेल?

बहुपत्नीत्वाबद्दल माझं मत मी लपवत नाही. ते बंद झालं पाहिजे, कायद्याने बंद झालं पाहिजे, आणि ती मागणी आपण मुसलमानांनीच पुढे येऊन केली पाहिजे. काही मैत्रिणी मला म्हणतात, मग अशा लग्नाला नोंदणीचा शिक्का कशाला? माझं उत्तर असं की नोंदणी नाकारून पुरुषाचं काही बिघडत नाही. त्याचा पासपोर्ट, त्याचं घर, त्याचा देश जागेवर असतो. शिक्षा होते ती बाईला. लढाई कायदा बदलण्यासाठी लढायची, कागद अडवून बाईला अधांतरी ठेवून नाही.

आता मुदतीची गोष्ट. व्हिसाची मुदत संपली आणि माणूस तसाच राहिला, तर नागरिकत्व कायद्याच्या व्याख्येत तो बेकायदा स्थलांतरित ठरतो. पासपोर्टवर, विमानाने, रीतसर आलेला असला तरी. आणि बेकायदा स्थलांतरिताला कलम ५ खाली अर्जच करता येत नाही. एवढ्यावर थांबत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय कधी ठरतं? आईवडील दोघे भारतीय असतील तेव्हा, किंवा एक भारतीय असेल आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसेल तेव्हा. म्हणजे बाळंतपणाच्या धावपळीत आईच्या व्हिसाची तारीख उलटली, तर प्रश्न बाळाच्या नागरिकत्वाचा होतो. बाप कासारवाडीचा, आजोबा कासारवाडीचे, जन्म इथल्या दवाखान्यातला, तरीही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे कायदे त्याने मोडीत काढले. मुदत ओलांडण्याकडे आता कुणी काणाडोळा करेल, अशी आशा धरू नका.

आणि एजंटांपासून सांभाळा. परदेशी माणूस ठरावीक दिवस इथं राहिला तर त्याला रीतसर आधार मिळू शकतं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. एखादा एजंट म्हणेल, आधार झालं, आता दोन हजारात मतदार कार्डही काढून देतो. तो गुन्हा आहे, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो तुमच्या बायकोच्या गळ्याशी येईल.

पाकिस्तान आणि बांगलादेशाबद्दल वेगळं बोलायला हवं. तिथून लग्न करून आलेल्या बायकांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो, एलटीव्ही. त्यावर वर्षं काढायची आणि मग सात वर्षांच्या खंडात अर्ज करायचा. हा प्रश्न फक्त आपला आहे असं समजू नका. पिंपरी कॅम्प बघा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सिंधी बांधवांनी ती वस्ती उभी केली. पाकिस्तानातून नंतर आलेल्या हिंदू आणि इतर अल्पसंख्य लोकांचे नागरिकत्वाचे अर्ज मंजूर करण्याचे अधिकार केंद्राने २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यात पुणेही होतं. आपल्याकडच्या बायकांसाठी ती सवलत नाही, तो भेद आहे आणि तो बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही. पण व्हिसाची वाट बघणारी सासू आणि सून सिंधी घरातही असते, आपल्या घरातही असते. त्यांचं दुःख एकमेकींना समजेल.

एप्रिल २०२५ मध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. २२ तारखेला पहलगाममध्ये अतिरेक्यांनी निरपराध माणसं मारली. त्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसाला २९ पर्यंत मुदत होती. दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र यातून वगळले होते. परिणाम असा की दोन बायका, दोघींची लग्नं भारतीय नवऱ्यांशी, दोघींची मुलं इथल्या शाळेत. एकीच्या हातात एलटीव्ही होता, ती घरी राहिली. दुसरी अल्प मुदतीच्या व्हिसावर होती किंवा तिचा अर्ज कुठल्या टेबलावर पडून होता, तिला अटारीच्या फाटकाकडे जावं लागलं. प्रेम दोघींचं सारखं असेल, संसारही सारखा असेल. फरक कागदाचा होता. आणि तो कागद वेळेवर पुढे सरकवण्याची जबाबदारी बहुतेक घरांत नवऱ्याकडे असते.

इथं मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते.

एका बाईबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती बाहेरच्या देशातली, नवरा आपल्याच भागातला. शिकलेली, तिच्या देशात शिक्षिका होती. इथं दोन खोल्यांच्या घरात चार वर्षं राहिली. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. व्हिसा वाढवायची वेळ आली की नवरा म्हणायचा, आधी माझं ऐक. काय ऐक? माहेरी फोन करू नकोस. शिकवण्या घेऊ नकोस. एकदा हात उगारला तेव्हाही तो हेच म्हणाला, सही करणार नाही, जा तुझ्या देशात, मुलगा इथंच राहील. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला मारहाणीची तक्रार करायची नव्हती. तिने विचारलं, "त्याने सही केली नाही तर मी कोण?"

मैत्रिणींनो, मित्रांनो, हा प्रश्न आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. तोंडी तलाकच्या विरुद्ध आपण काय म्हणत होतो? एका माणसाच्या तोंडच्या तीन शब्दांवर बाईचं अख्खं आयुष्य टांगलेलं नको. १९६६ साली हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा मागणी हीच होती. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये कायदा झाला. पन्नास वर्षं लागली. आणि आता पुरुषाच्या हातात तेच हत्यार व्हिसाच्या अर्जावरच्या सहीच्या रूपाने परत येतं. तलाक द्यायची गरजच नाही. नुसती सही केली नाही, तरी बाई देशाबाहेर. तीन शब्दसुद्धा उच्चारावे लागत नाहीत. तोंडी तलाकला विरोध करायचा आणि बायकोचा पासपोर्ट कपाटात ठेवायचा, हे एकत्र चालणार नाही.

त्या बाईला मी सांगितलं की कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ यात 'कोणतीही स्त्री' असे शब्द आहेत, भारतीय स्त्री असे नाहीत. तू संरक्षण मागू शकतेस, राहत्या घरातला निवारा मागू शकतेस. तिने मागितला. ते प्रकरण चालू आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

आता उलट बाजू बघू. आपल्या मुली बाहेर जातात, तेव्हा याच जागी त्या असतात.

आखातात बायकोचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला जोडलेला असतो. त्याची नोकरी गेली की दोघांचाही मुक्काम हलतो. युरोपात आणि अमेरिकेत कायम राहण्याची वाट आहे, पण सुरुवातीची वर्षं तिथंही नवऱ्याच्या आधारावर. जर्मनीत बायकोला बहुधा जाण्याआधी जर्मन भाषेची ए-वन पातळी लागते, काही उच्चशिक्षित नोकरदारांच्या जोडीदारांना सूट आहे. तिथं तीन वर्षं एकत्र संसार झाला की बायकोला राहण्याचा स्वतःचा हक्क मिळतो. घरात छळ होत असेल तर तीन वर्षं थांबावंही लागत नाही. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते दोन वर्षांचं, सशर्त असतं. पुढे दोघांनी मिळून अर्ज करायचा. नवरा छळत असेल तर बाईला त्याच्या सहीशिवाय स्वतः अर्ज करता येतो. आणि मुलांनो, तिथं प्रायोजक नवरा एका प्रतिज्ञापत्रावर सही करतो की बायकोला ठरावीक उत्पन्नाच्या खाली जाऊ देणार नाही. ती जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही.

ब्रिटनची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती लढून मिळालेली आहे. १९८५ च्या मे महिन्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंदाली या तीन स्त्रियांच्या खटल्याचा निकाल दिला. तिघी ब्रिटनमध्ये कायम राहणाऱ्या, आणि तिघींच्या नवऱ्यांना ब्रिटनने मुक्काम नाकारला होता. त्यातल्या एकीच्या नवऱ्याचा जन्म आपल्या शेजारचा, दमणचा. पुरुषाला बायको आणणं सोपं आणि बाईला नवरा आणणं अवघड, हा भेदभाव आहे, असं न्यायालयाने ठरवलं. मग ब्रिटनने काय केलं? बायकांचा रस्ता सोपा केला नाही, पुरुषांचाही अवघड करून टाकला. झाली समानता! म्हणून मी म्हणते, हक्क मागताना नीट शब्दांत मागायचा असतो. आज तिथं जोडीदाराला बोलावण्यासाठी वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. ही अट एप्रिल २०२४ पासूनची आहे, त्याआधी १८,६०० पौंड होते.

पण त्याच ब्रिटनमध्ये आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांनी १९७९ मध्ये 'साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना उभी केली. लग्न करून आलेल्या, मार खाणाऱ्या, पण तोंड उघडलं तर देशाबाहेर काढल्या जाणाऱ्या बायकांचा प्रश्न त्यांनी लावून धरला. १९९९ मध्ये सरकारने मान्य केलं की छळ सिद्ध झाला तर नवऱ्याशिवायही बाईला तिथं राहू द्यायचं. त्यात हिंदू होत्या, मुसलमान होत्या, शीख होत्या. आपल्याच मुली होत्या.

भारताच्या नागरिकत्व कायद्यात असं कलम नाही. छळ झालेल्या परदेशी बायकोने नवऱ्याला सोडलं तर तिचा मुक्काम सरकारच्या मर्जीवर राहतो, तिच्या हक्कावर नाही. लंडनमधल्या आपल्या मुलीसाठी आपण जे मागतो, ते कासारवाडीतल्या दुसऱ्याच्या मुलीसाठी मागायला नको?

मग करायचं काय? मी चार गोष्टी सांगते, चारही उद्यापासून करता येण्याजोग्या.

पहिली. परदेशी व्यक्तीशी लग्न ठरत असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ चा विचार करा. ३० दिवसांची नोटीस, त्या देशाच्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला, थोडी धावपळ. पण त्या लग्नात तोंडी तलाक नाही, दुसरी बायको नाही, आणि कागद पहिल्या दिवसापासून पक्का. निकाह करायचा असेल तर जरूर करा, आणि ९० दिवसांच्या आत नोंदवा. निकाहनामा उर्दूत असेल तर भाषांतर करून ठेवा.

दुसरी. निकाह हा करार आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग करारात अटी लिहा. दोघांचे पासपोर्ट ज्याचे त्याच्याकडे राहतील. व्हिसा, ओसीआय, नागरिकत्व यांच्या अर्जांवर नवरा वेळेत सही करेल. बायकोला तलाकचा अधिकार, ज्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात, राहील. काझी साहेब कुरकुर करतील. त्यांना अदबीने सांगा, शरीयतमध्ये याला जागा आहे.

तिसरी. तारखा लिहून ठेवा. पासपोर्ट संपण्याची, व्हिसा संपण्याची, नोंदणीची. घरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतं, दूधवाल्याचा हिशोब त्यावर लिहितो. तिथंच लिहा. आणि प्रत्येक कागदाची एक प्रत बायकोने स्वतःकडे, शक्य तर एक माहेरी ठेवावी. मुलगी परदेशात निघाली असेल तर तिच्या नवऱ्याचा परवाना कुठल्या प्रकारचा आहे, तिला स्वतःचा हक्क किती वर्षांनी मिळतो, हे मेहर आणि दागिने ठरवण्याआधी विचारा. तिथं फसवणूक झाली तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे.

चौथी गोष्ट आपल्या चळवळीची. दोन मागण्या आपण एकत्र मांडूया. नागरिकत्व कायद्यातलं ते गेलेलं 'किंवा झालेलं होतं' परत आणा, म्हणजे विधवा आणि तलाक झालेल्या बाईची इथली वर्षं वाया जाणार नाहीत. आणि छळ झालेल्या परदेशी जोडीदाराला, स्त्री असो की पुरुष, साथीदाराच्या सहीशिवाय राहण्याचा आणि पुढे अर्ज करण्याचा हक्क कायद्यात लिहा. या मागण्या मुसलमानांसाठी नाहीत. त्या कुठल्याही घरात आलेल्या परक्या देशातल्या माणसासाठी आहेत. पण आपण त्या मांडायला हव्यात. एका माणसाच्या शब्दावर आयुष्य टांगलेलं असणं काय असतं, ते आपल्या आयांनी, खालांनी भोगलं आहे.

इथं बसलेल्या मुलांना शेवटचं सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी परदेशातून आलेली बायको, भाभी असेल, तर आज रात्री घरी जाऊन तिचा पासपोर्ट तिच्या हातात द्या. त्याला कायदा लागत नाही, वकीलही लागत नाही.

आता प्रश्न विचारा. मुलींचे प्रश्न आधी घेऊ.